सिंहगडाच्या चढाला डबलसीट गाडी दम टाकते: टॉर्क कमी की पॉवर?

प्रश्न
गाडी 150 सीसी, कागदावर 14 पीएस (पॉवर) आणि 13 एनएम (टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर). शहरात काही तक्रार नाही. सिंहगडाच्या घाटात डबलसीट असलं की चौथ्या गिअरमध्ये थरथरते, तिसऱ्यात टाकली की इंजिन ओरडतं. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक 350 चे आकडे 20 बीएचपी (जवळपास पीएसएवढंच) आणि 27 एनएम. म्हणजे टॉर्क दुप्पट, पॉवर मात्र दीडपटच. मग चढाला टॉर्कच लागतो ना? पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) 14 दात्यांचं काढून 13 चं केलं तर भागेल का? मागचं 42 आहे.

घाटवाट यांचं उत्तर
गाडी आणि दोघं मिळून 300 किलो धरा. 10 मीटरला 1 मीटर चढ असेल तर गाडीला मागे ओढणारा जोर साधारण 300 न्यूटन. ताशी 40 ने चढायला सव्वातीन किलोवॅट, म्हणजे साडेचार पीएस. वारा आणि टायरचा विरोध धरून सहा समजा.

आता पीएस = एनएम × आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) ÷ 7024. चौथ्यात इंजिन 3500 ला फिरतंय आणि तिथे 11 एनएम देतंय असं धरलं, तर हातात साडेपाचच पीएस. गाडी दम टाकते ती इथेच. तिसऱ्यात तेच इंजिन 4500 ला गेलं आणि 12 एनएम मिळाले, की पावणेआठ. क्लासिक 4000 लाच 27 एनएम देते, म्हणजे 15 पीएस. म्हणून तिला गिअर पाडावा लागत नाही. चाकाला मिळणारा टॉर्क गिअरने गुणलेला असतो, त्यामुळे नुसता इंजिनचा आकडा बघून चढाचा अंदाज येत नाही.

आणि 4500 म्हणजे ओरडणं नव्हे. या वर्गातली इंजिनं पूर्ण पॉवर 7000 च्या पुढे देतात. उलट कमी आरपीएमला थ्रॉटल पिळून धरलात तर नॉकिंग (इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून ठकठक) होतं आणि पिस्टन तापतो.

चेनसेट यांचं उत्तर
42 ÷ 14 = 3.00, 42 ÷ 13 = 3.23. पावणेआठ टक्के जोर वाढेल, पण हायवेला जिथे 5000 आरपीएम होते तिथे जवळपास 5400 होतील. मागे 45 लावलं तर 3.21, म्हणजे फरक तोच. पुढचं स्वस्तात होतं, पण लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीला ती घासते का, तेही बघा.

जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट बसवू नका, दाते लगेच खाल्ले जातात. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला जाताना जुनं स्प्रॉकेट सोबत न्या, म्हणजे आतल्या खाचा आणि चेनचा नंबर दोन्ही जुळवता येतील. बसवल्यावर चाक फिरवून चेन सगळ्यात जास्त कुठे ताणते ते शोधा आणि ढील तिथे मोजा. स्पीडोमीटरचा सेन्सर पुढच्या चाकाला असेल तर आकडा बरोबर राहील, गिअरबॉक्सला असेल तर वेग जास्त दाखवेल.

हाफक्लच यांचं उत्तर
त्याआधी क्लच तपासा. चढावर थ्रॉटल दिल्यावर आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे प्लेटा घसरताहेत. लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिलिमीटर फ्री प्ले (मोकळी हालचाल) हवा. तो नसेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो, आणि मग 13 चं स्प्रॉकेट लावूनही काही फरक पडणार नाही. मागचा ब्रेक चिकटतोय का तेही बघा: गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे.