मदत हवी आहे : न जुळलेल्या हाडात काय भरावं?

नमस्कार मंडळी. पावसाळ्यात कर्वे रस्त्यावर आईची स्कूटर घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. आत रॉड आहे, तरी एक्सरेत भेग अजून दिसतेच. आता पुन्हा ऑपरेशन करून तिथे हाड भरायचं म्हणतात.

पर्याय दोन सांगितलेत. कमरेच्या हाडातून काढलेलं तिचंच हाड, किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे (हाडातल्या खनिजासारखा कृत्रिम पदार्थ) दाणे. स्वतःच्या हाडात जिवंत पेशी असतात, शिवाय नवं हाड घडवायला लावणारी प्रथिनंही (हा गुण अमेरिकन हाडांचे सर्जन मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवला). दाणे म्हणजे नुसती परांची. त्यांच्या आधाराने हाड वाढतं आणि ते हळूहळू विरघळतात, पण पेशी शरीरानेच पुरवायच्या. जिथे शरीराला मुळात हाड जुळवता आलं नाही, तिथे नुसते दाणे पुरतील का, हीच माझी खरी शंका. आई मात्र कमरेच्या जखमेला घाबरते, आणि तिचंही बरोबर आहे, तिथलं दुखणं कधीकधी बरंच रेंगाळतं.

दोन्ही मिसळून भरल्याचा कुणाच्या घरी अनुभव आहे का? आईला मधुमेह आहे, त्यामुळे हाड जुळायला वेळ लागतो हे माहीत आहे. ऑपरेशनआधी साखर किती आटोक्यात हवी, हे कुणी डॉक्टर सांगू शकतील का? पुण्यात दुसरं मत कुणाकडे घ्यावं, तेही कृपया कळवा.