लेस्टरशायर डिव्हिजन वनमध्ये टिकेल का? (बाबांसाठी मेंबरशिप काढू की नको?)

नमस्कार मंडळी, काउंटी क्रिकेट नेमाने बघणारं इथे कोणी असेल तर सल्ला हवा आहे.

मी लेस्टरला राहतो. एप्रिलच्या अखेरीस आईबाबा सांगलीहून येतायत, जूनपर्यंत असतील. बाबा रणजीचा सामनासुद्धा पहिल्या चेंडूपासून बघणारे. व्हिसा, औषधं, आईची लोणच्याची बरणी हे बोलून झालं की फोनवर एकच विषय: "अरे, आपल्या अजिंक्यची टीम वर आली ना?" रहाणे २०२४ साली लेस्टरशायरकडून खेळला, कार्डिफला ग्लॅमॉर्गनविरुद्ध शतक मारलं, तेव्हापासून ही टीम आमच्या घरचीच झाली. एप्रिल-मेमध्ये आयपीएल असतं, तो इथे कसा दिसेल, हे सांगून बघितलं. उत्तर आलं, "असू दे, डेव्हिड गॉवर पण तिथलाच." (इंग्लंडचा जुना कप्तान, बाबांच्या आवडीचा.)

२०२५ मध्ये लेस्टरशायर काउंटी चॅम्पियनशिपच्या (इंग्लंडमधली चार दिवसांच्या सामन्यांची स्पर्धा) खालच्या गटात, म्हणजे डिव्हिजन टूमध्ये पहिलं आलं आणि वरच्या डिव्हिजन वनमध्ये गेलं. २००३ मध्ये खाली गेल्यावर इतक्या वर्षांनी वर. १९९६ आणि १९९८ मध्ये याच काउंटीने चॅम्पियनशिप जिंकली होती, आणि मग २०१३ आणि २०१४ हे दोन्ही हंगाम चॅम्पियनशिपमध्ये एकही विजय नाही! २०१५ मध्ये एसेक्सला हरवलं तेव्हा ९९२ दिवसांनी जिंकले. म्हणून ऑफिसमधले जुने लेस्टरवाले अजून खूश व्हायलाच घाबरतात. टीमचं नाव काढलं की आधी उसासा, मग बोलणं.

आता डिव्हिजन वनमध्ये दहा संघ, त्यातले दोन खाली जाणार. समोर सरे, नॉटिंगहॅमशायर, सॉमरसेट. माझा हिशोब असा की सगळं आमच्या अष्टपैलू रेहान अहमदवर येऊन थांबतं. २०२५ च्या हंगामात डर्बीशायरविरुद्ध एकाच सामन्यात शतकही ठोकलं आणि १३ विकेटही घेतल्या पोराने. पण असा खेळला की इंग्लंड बोलावणार, आणि इंग्लंडने नेला की आमची बॅटिंगही गेली, स्पिनही गेली. जॉश हलचं तेच. साडेसहा फुटी डावखुरा वेगवान गोलंदाज, विशीतच टेस्ट खेळून आलाय. छोट्या काउंटीचं दुखणं हेच, पोरं घडवायची यांनी आणि वापरायची दुसऱ्यांनी. सरेचे चार गेले तर पाचवा तयार असतो, इथे बाकावर कोण आहे?

मला स्वतःला वाटतं, ड्रॉ काढत काढत आठव्या नंबरावर तगतील. विजयाला १६ गुण आणि ड्रॉला ८, म्हणजे चिवटपणाचे पैसे बऱ्यापैकी मिळतात. पण मी पडलो टी-ट्वेंटीवर वाढलेला, माझ्या अंदाजाला फार किंमत देऊ नका.

अडचण वेगळीच आहे. सप्टेंबरमध्ये एकदा ग्रेस रोडला, म्हणजे लेस्टरशायरच्या मैदानावर, गेलो होतो. ऊन होतं म्हणून नुसता शर्ट घालून गेलो, अकरा वाजता दात वाजायला लागले. शेजारी एक आजोबा मांडीवर घोंगडीसारखं काहीतरी घेऊन, थर्मास उघडून, वहीत पेन्सिलने एकेक चेंडू टिपत बसलेले. मी कुडकुडतोय हे बघून न बोलता थर्मासचं झाकण भरून पुढे केलं. नंतर तासाभराने पहिलं वाक्य आलं: "आज तरी मार खात नाहीयेत." बाबांची आणि त्यांची जोडी जमेल याची मला खात्री आहे. बाबांचं इंग्रजी जेमतेम, पण त्या वहीसाठी भाषा लागत नाही.

तर विचारायचं हे की, एप्रिल-मेचे चार दिवसांचे सामने बघायला ६८ वर्षांच्या माणसाला पाठवणं शहाणपणाचं आहे का? पाऊस आला तर सगळा दिवस छताखाली बसता येतं का, की भिजत घरी यायचं? मेच्या शेवटी टी-ट्वेंटी ब्लास्ट सुरू झाला की चॅम्पियनशिप थांबते, मग पूर्ण हंगामाची मेंबरशिप बाबांना पुरते तरी का? की दिवसाची तिकिटं काढलेली बरी? ज्येष्ठांसाठीची सवलत पाहुण्या व्हिसावरच्या माणसाला लागू होते का, हेही कोणी अनुभवाने सांगा.

आणि एक प्रामाणिक उत्तर हवंय. पहिले तीन-चार सामने सपाटून हरले तर बाबांचा मूड जातो, आणि मग दोन महिने घरात तेच ऐकावं लागतं. म्हणून विचारतो, टिकेल का ही टीम? आई म्हणते, मेंबरशिप काढच, निदान दिवसभर बाहेर तरी राहतील.