मदत हवी आहे: टेबल सॉची मोटर दहा मिनिटांत प्रचंड तापते

सुतारपक्षी
दहा मिनिटं चालवली की मोटरला हात लावता येत नाही. वार्निश करपल्यासारखा वास येतो. गार झाली की परत चालते, परत तापते. बेअरिंग बदलून झाली, काडीचा फरक नाही. उद्या काम द्यायचंय, लवकर सांगा.

तारवाला
सिंगल फेज की थ्री फेज? एचपी किती? नेमप्लेटवर अँपिअर किती आणि प्रत्यक्षात किती घेते? कपॅसिटर एक की दोन? यातलं काहीच न सांगता उत्तर कसं मिळणार?

जुनाजाणता
स्वस्त मशीन म्हणजे ॲल्युमिनियमचं वाइंडिंग (मोटरच्या आतली तारेची गुंडाळी). तांब्यात रिवाइंड करा, विषय संपला. माझी तशी केलेली मोटर आजही ठणठणीत आहे.

तारवाला
जुनाजाणता, नुसत्या ॲल्युमिनियमने मोटर दहा मिनिटांत करपत नाही. दोष बाहेर असेल तर तांब्याचं वाइंडिंगही जळेल.

गरगर
व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) लावा. स्पीडही कमी-जास्त करता येईल.

मेगर
कृपया नको! स्पीड उतरला की सेंट्रिफ्युगल स्विच (मोटरने वेग धरला की स्टार्टिंग वाइंडिंग तोडणारा) परत जोडला जातो, स्टार्टिंग वाइंडिंग लाइनवर राहतं आणि बघता बघता जळतं. ते वाइंडिंग फक्त सुरुवातीच्या क्षणांपुरतं असतं.

सुतारपक्षी, बाकी माहिती द्या. नेमप्लेटवर ५० हर्ट्झ आहे की ६०? ६० ची मोटर त्याच व्होल्टेजला ५० वर चालवली तर जास्त करंट घेते आणि तापते.

सुतारपक्षी
सिंगल फेज, २ एचपी, ५० हर्ट्झ. कपॅसिटर दोन. अँपिअर मोजायला क्लॅम्प मीटर नाही, साधा मल्टिमीटर आहे, त्यात कपॅसिटन्सची रेंज आहे. भुसा साफ केलाय, ब्लेडला धार आहे. आता काय?

मेगर
पट्टा काढून मोटर मोकळी चालवा, बंद करा आणि कान देऊन ऐका. वेग उतरता उतरता आतून 'टक्' असा आवाज आला पाहिजे. तो सेंट्रिफ्युगल स्विच परत बसल्याचा. आवाज आलाच नाही तर स्विच चिकटलेला असू शकतो.

सुतारपक्षी
टक् आवाज स्पष्ट येतो.

मेगर
मग स्विच बहुतेक ठीक आहे. आता रन कपॅसिटर (मोटर चालू असताना सतत जोडलेला असतो तो) मोजा. प्लग काढा, रेझिस्टरने कपॅसिटर डिस्चार्ज करा, एक वायर सोडवा आणि मगच मीटर लावा. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो, झटका जोरात बसतो.

तारवाला
मला तर वायरवर संशय आहे. मशीन भिंतीतल्या सॉकेटवर चालतंय की एक्स्टेन्शनवर?

सुतारपक्षी
एक्स्टेन्शन रीळ आहे, नेहमी तेच वापरतो. प्रत्येक कापाला चालू-बंद करतो. त्याचा काय संबंध?

तारवाला
मोठा संबंध आहे. सुरू होताना मोटर चालू करंटच्या पाच-सात पट ओढते. बारीक, लांब वायरीत तेव्हा व्होल्टेज पडतं, वेग धरायला वेळ लागतो, स्टार्टिंग वाइंडिंग जास्त वेळ जोडलेलं राहतं. त्यात दर कापाला चालू-बंद! शिवाय गुंडाळलेलं रीळ स्वतः तापतं.

मेगर
रीळ असेलही कारणीभूत, पण कपॅसिटर मोजल्याशिवाय सोडू नका.

सुतारपक्षी
रन कपॅसिटरवर ४० मायक्रोफॅरड लिहिलंय, मीटरवर १३ येतात.

मेगर
सापडलं. छापील आकड्यापेक्षा पाच-दहा टक्के कमी-जास्त चालतं, हा पार गेलेला आहे. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, निदान ४५० व्होल्ट एसीचा, रन प्रकारचाच घ्या. स्टार्ट कपॅसिटर तिथे लावू नका, तो सतत चालण्यासाठी नसतो, फुटेल.

सुतारपक्षी
बदलला. सॉकेट जवळ आणून थेट लावलं. अर्धा तास कापलं, मोटर कोमट आहे. वास मात्र अजून थोडा येतो, चालेल ना?

मेगर
करपलेलं वार्निश परत नीट होत नाही. ५०० व्होल्टच्या मेगर मीटरने वाइंडिंग आणि बॉडीमधलं इन्शुलेशन तपासून घ्या. १ मेगाओहमच्या खाली आलं तर चालवू नका, तेव्हा जुनाजाणतांचं रिवाइंडिंग करावं लागेल. उद्याचं काम करा, पण जवळ थांबून.