दिवाणजी काम सोडून गेले, पासवर्ड सगळ्यांना माहीत. अडत दुकानाचा ड्राइव्ह सुरक्षित कसा करायचा?

मार्केटयार्ड_सांगली

नमस्कार. सांगली मार्केट यार्डात हळद-बेदाण्याची अडत पेढी आहे. पाच कॉम्प्युटर, सहा माणसं. टॅली प्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर थेट गूगल ड्राइव्हला सिंक केलाय (इथे बदललं की तिथेही आपोआप बदलतं), तोच आमचा बॅकअप. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या), पासबुकांचे आणि आधारचे फोटो त्याच ड्राइव्हवर. जीमेल एकच, पासवर्ड एकच, सगळे तोच वापरतात. जुने दिवाणजी गेल्या महिन्यात काम सोडून गेले. वाद काही नाही, पण त्यांच्या मोबाइलवर खातं अजून चालू असणार. पासवर्ड बदलला की भागेल का? आणि टॅली ऑन क्लाउड (टॅली दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवून इंटरनेटवरून वापरणं) घ्यावं का?

कुपवाड_नेटवर्क

साहेब, नुसत्या पासवर्डने भागणार नाही. आधी रिकव्हरीचा मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे ते बघा. तिथे दिवाणजींचा नंबर असेल तर नवा पासवर्डही त्यांच्या हातात आहे. नंबर बदलल्यावरही जुन्या नंबरावर कोड पाठवण्याचा पर्याय गूगल सात दिवस देऊ शकतं, म्हणून हे काम आजच उरका. मग पासवर्ड बदला, आणि सिक्युरिटीमधल्या ‘युवर डिव्हाइसेस’ यादीतून अनोळखी मोबाइल एकेक करून साइन आउट करा. पासवर्ड बदलला तरी एखाद्या डिव्हाइसवर लॉगिन तसंच राहू शकतं.

यानंतर जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग, फिल्टर्स आणि अकाउंट्स हे तिन्ही टॅब उघडा. मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जायची सोय कोणी केली असेल तर ती पासवर्ड बदलल्याने बंद होत नाही. व्यापाऱ्याला ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा खोटा मेल पाठवणारे आधी अशीच महिना-महिना तुमची बिलं वाचत बसलेले असतात.

टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड) लावताना एसएमएसऐवजी मोबाइलवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अॅप घ्या. दहा बॅकअप कोड छापून तिजोरीत ठेवा. खरं तर प्रत्येक माणसाला वेगळं खातंच हवं. एकच खातं सहा जणांत असेल तर मालक दिवसभर फोनवर ओटीपी सांगत राहतो, आणि एक दिवस तो भलत्याच माणसाला सांगितला जातो.

मिरज_बॅकअप

वरचं सगळं बरोबर. पण मला जास्त काळजी त्या सिंकची वाटते. टॅली चालू असताना डेटा फोल्डरमधल्या बऱ्याच फाइली एकाच वेळी बदलत असतात. ड्राइव्ह त्यातली एक आत्ताची उचलतो, दुसरी दोन मिनिटांपूर्वीची. असा फोल्डर परत आणला की कंपनी उघडतच नाही, किंवा उघडते आणि व्हाउचर गायब असतात. रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर कुलूप लागलेल्या फाइलीही इमानेइतबारे वर चढतात. ड्राइव्ह अशा फाइलीच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंतच ठेवतो. डिलीट केलेलं ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं. मार्चमध्ये उडालेलं जूनमध्ये लक्षात आलं तर हाती काही लागत नाही.

तेव्हा डेटा फोल्डरचा सिंक बंद करा. रोज संध्याकाळी सौद्याच्या नोंदी संपल्या की पाचही कॉम्प्युटरवर टॅली बंद करा, मग एकाच मशीनवर ऑल्ट-वाय दाबून बॅकअप घ्या. डी ड्राइव्हवर सोमवार ते शनिवार असे सहा फोल्डर करा, त्या-त्या वाराचा बॅकअप त्यात. ड्राइव्हवर फक्त हे फोल्डर चढवा. शिवाय एक-एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क, एका आठवड्याला एक अशा आळीपाळीने. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायची. लावून ठेवलेली डिस्कही रॅन्समवेअरच्या तावडीत सापडते.

दुसरी डिस्क दुकानात ठेवू नका, आणि नदीकाठच्या घरात तळमजल्यावर तर मुळीच नको. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ आणि २०२१ ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं.

महिन्यातून एकदा बॅकअप रिस्टोअर करून बघा, पण वेगळ्या फोल्डरमध्ये. चालू फोल्डरवर रिस्टोअर केलं तर आजचा डेटा पुसून जुना बसतो. शेवटचा व्हाउचर नंबर आणि ट्रायल बॅलन्सची बेरीज जुळली की झालं.

विश्रामबाग_करसल्लागार

दादा, दिवाणजी गेले म्हणजे फक्त जीमेल बघून चालायचं नाही. जीएसटी पोर्टलवर कोणाचा मोबाइल आहे? नोंदणीतल्या ‘नॉन-कोअर फील्ड्स’ म्हणजे किरकोळ माहितीच्या दुरुस्तीत तो बदलता येतो, अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. मालवाहतुकीच्या ई-वे बिलासाठी त्यांना सब-यूजर (मुख्य आयडीखालचा वेगळा लॉगिन) करून दिला असेल तर यूजर मॅनेजमेंटमधून तो फ्रीझ करा. मुख्य आयडीच दिला असेल तर पासवर्ड बदला आणि नव्या दिवाणजींना सब-यूजरच द्या, म्हणजे कुठलं बिल कोणी काढलं ते कळतं.

जुनी जीमेल रागाच्या भरात डिलीट करू नका. हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायची असतात, आणि निम्मी बिलं त्याच मेलमध्ये असणार.

कुपवाड_नेटवर्क

टॅली ऑन क्लाउडबद्दल: घ्या, पण आधी विचारा की लॉगिन कसं होतं. रिमोट डेस्कटॉपचा (दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा) ३३८९ पोर्ट, म्हणजे आत यायचा दरवाजा, सगळ्या जगाला उघडा असेल तर नको. पोर्टचा नंबर बदलला तरी उघडे पोर्ट शोधणाऱ्या स्कॅनर प्रोग्रामना तो सापडतोच. व्हीपीएन (खासगी सुरक्षित जोडणी) किंवा टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरी खात्री) असावं, आणि पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं लॉक व्हावं. बॅकअप किती दिवसांचे ठेवतात आणि सेवा सोडली तर डेटा कसा परत देतात, हे लेखी घ्या. तोंडी नको.

मार्केटयार्ड_सांगली

सगळ्यांचे आभार. एक राहिलं. पट्ट्यांचं रजिस्टर दिवाणजींनी स्वतःच्या जीमेलवरून गूगल शीटमध्ये केलंय आणि आम्हाला शेअर केलंय. त्याचं काय करायचं?

कुपवाड_नेटवर्क

ती शीट त्यांच्या मालकीची आहे. त्यांनी सहज साफसफाई म्हणून डिलीट केली तरी तुमच्याकडून जाईल. आत्ताच फाइल मेनूतून ‘मेक अ कॉपी’ करून पेढीच्या खात्यात ठेवा आणि नव्या नोंदी त्यातच करा. संबंध चांगले आहेत तर मूळ शीटची मालकीही ट्रान्सफर करून मागा, तुम्हाला ती स्वीकारावी लागेल. तुमच्या फोल्डरवर त्यांचं नाव वेगळं जोडलेलं असेल तर तेही काढा. ‘लिंक असलेला कोणीही’ बदलून ‘रिस्ट्रिक्टेड’ केलं तरी नावाने जोडलेली माणसं तशीच राहतात. आधारच्या फोटोंचा फोल्डर आधी घ्या.