उधारीची वही आणि खानावळ
बुडालेला धंदा सावरायला गावची जमीनच विकावी लागते, असं काहीजण म्हणतात. आमचा अनुभव वेगळा आहे. आजी साताऱ्याहून लालबागला आली, चाळीतल्या खोलीत गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, जेवणारे हळूहळू गावी गेले, उधारीची वही तशीच राहिली. वाण्याचं देणं फेडायला तिनं पितळी पातेलीसुद्धा मोडली. वसुलीला मात्र कुणाच्या दारी गेली नाही, त्यांच्याच चुली थंड होत्या.

तिला सावरलं ते अन्नपूर्णा महिला मंडळानं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये ते उभारलं. खानावळवाल्या बायकांचे गट करायचे आणि एकमेकींच्या हमीवर बँकेचं कर्ज मिळवायचं. आजीनं त्या पैशातून आधी पातेली आणली, मग ऑफिसवाल्यांचे डबे सुरू केले.