लक्ष्य गाठले तर बक्षीस, चुकले तर जाब: कर्मचारी अशा नेतृत्वाला कसा प्रतिसाद देतात?

प्रश्न
आमच्या ग्राहकसेवा विभागात नव्या व्यवस्थापकांनी प्रत्येक कॉलला वेळेची मर्यादा घालून दिली आणि इन्सेंटिव्ह त्या आकड्याशी जोडला. सुरुवातीला आकडे झपाट्याने सुधारले. आता मात्र किचकट तक्रार आली की सहकारी ती दुसऱ्या विभागाकडे ढकलतात, आणि नव्या माणसाला शिकवायला कोणी थांबत नाही, कारण त्याची नोंद कुठेच होत नाही. दोष पद्धतीचा आहे की ती राबवण्याचा?

उत्तर १
नेतृत्वाचे अभ्यासक बर्न्स यांनी 1978 मध्ये देवाणघेवाणीवर चालणारे नेतृत्व वेगळे ओळखले, आणि 1985 मध्ये बास या दुसऱ्या अभ्यासकांनी त्यातले दोन प्रकार स्पष्ट केले: ठरलेल्या कामाचा ठरलेला मोबदला, आणि चूक झाली तरच लक्ष घालणे. या दोहोंना कर्मचाऱ्यांचा प्रतिसाद अगदी वेगळा असतो. जज आणि पिकोलो या संशोधकांनी 2004 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पहिल्या प्रकाराचा समाधान, प्रेरणा, कामगिरी अशा निकषांशी मिळून असलेला संबंध (0.39; 1 म्हणजे पूर्ण संबंध) प्रेरणादायी नेतृत्वाच्या (0.44) फारसा मागे नव्हता. अट आधी सांगितली आणि शब्द पाळला, तर लोकांना अशी शिस्त जाचक वाटत नाही. उलट आपल्याकडून नेमके काय अपेक्षित आहे हे कळल्याने ते निश्चिंत होतात.

उत्तर २
दुसऱ्या प्रकाराविषयी माझे मत कठोर आहे. साहेब केवळ चुकीच्या वेळीच टेबलापाशी येत असतील, तर माणसे चूक सुधारण्याआधी ती झाकायला शिकतात, आणि ती उघडकीस येईपर्यंत तिचा खर्च वाढलेला असतो. विक्री विभागात मी हेही पाहिले आहे, की महिन्याचे टार्गेट पूर्ण झाल्यावर हाती आलेली ऑर्डर एक तारखेपर्यंत मुद्दाम नोंदवली जात नाही. त्या माणसाला आळशी म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण नियमाने जे मागितले तेच तो देत असतो.

उत्तर ३
मानसशास्त्रज्ञ डेसी यांच्या 1971 च्या प्रयोगात कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांनी पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळेत कोड्यांना कमी वेळ दिला. शाब्दिक कौतुकाने मात्र तसे झाले नाही. म्हणून इन्सेंटिव्ह बंद करण्यापेक्षा मोजमाप बदलण्याचा आग्रह धरा. कॉल किती मिनिटांत संपला याऐवजी तीच तक्रार पुन्हा आली का हे पाहावे, आणि शिकवण्यात गेलेला वेळ अप्रेझलमध्ये धरावा.