मदत हवी आहे: गुन्हेशास्त्र आणि फॉरेन्सिक सायकॉलॉजी, एकत्रित एम.एस्सी. केल्यास नोंदणी होते का?

मानसशास्त्रात बी.ए. झालंय. ब्रिटनमध्ये पुढे शिकून कैद्यांसोबत काम करायचंय. हिंसेची जोखीम तपासणाऱ्या एचसीआर-२० मध्ये १० मुद्दे भूतकाळाचे आणि १० बदलू शकणारे. माझं मन त्या दुसऱ्या दहांतच अडकलंय.

तिथे 'फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट' हे पदनाम एचसीपीसीकडे (आरोग्य व्यवसायांची तिथली नियामक संस्था) नोंदणी असल्याशिवाय वापरता येत नाही, एवढं कळलं. तीन अभ्यासक्रमांचे विषय ताडून पाहिले. एकात तर अर्ध्याहून जास्त गुन्हेशास्त्रच आहे. तिथे मेल केली, तर उत्तरात माहितीपत्रकच आलं. पूर्णवेळ शिकायची तयारी आहे, पण दोनदा एम.एस्सी. परवडणार नाही.

बीपीएसची (ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी, मानसशास्त्रज्ञांची संघटना) मान्यता नसलेली एकत्रित पदवी घेतली, तर नोंदणीसाठीच्या प्रशिक्षणाला प्रवेश मिळतो, की मान्यताप्राप्त एम.एस्सी. पुन्हा करावीच लागते? त्या वाटेने गेलेलं कुणी आहे का?